फेरारी टेस्टारोसा: काही महिन्यांच्या वापरानंतर

टेस्टारोसाविषयी बहुतेकांचे मत तिच्या दारांवरील आडव्या पट्ट्यांवरून बनलेले असते. इटलीतल्या बोलोन्या शहराच्या परिसरात १९८९ सालची गाडी काही महिने नियमित चालवल्यानंतर माझे ठाम मत झाले आहे की, ही मुळात लांब पल्ल्याची गाडी आहे आणि तिच्याकडून घाटातल्या चपळाईची अपेक्षा ठेवणे अन्यायाचे आहे.

त्या पट्ट्यांनाही कारण आहे. फेरारीच्या आधीच्या ५१२ बीबी या गाडीमध्ये रेडिएटर पुढे आणि इंजिन मागे असल्यामुळे गरम पाण्याच्या नळ्या केबिनजवळून जात आणि आत बसणाऱ्यांना उकाडा सोसावा लागे. १९८४ साली पॅरिसच्या प्रदर्शनात टेस्टारोसा आली तेव्हा रेडिएटर मागच्या चाकांपुढे दोन्ही बाजूंना नेलेले होते आणि त्यांना हवा पुरवणारी मोठी तोंडे पिनिनफारिना या इटालियन डिझाइन कंपनीने या पट्ट्यांनी झाकली होती. त्यामुळे भर जुलैतही केबिन सुसह्य राहते आणि पुढे सामानाला जागा मिळते. मात्र गाडी जवळजवळ दोन मीटर रुंद झाली आहे, आणि तीही मागच्या बाजूला अधिक, त्यामुळे जुन्या गावांच्या अरुंद गल्ल्यांतून जाताना नजर सतत आरशात ठेवावी लागते.

तिची खरी ओळख गिअरच्या दांड्यापाशी होते. पहिला गिअर डावीकडे खाली असतो आणि दांडा पोलादी खाचांतून सरकताना प्रत्येक वेळी धातूचा स्वच्छ खट्ट आवाज येतो. सकाळी गिअरबॉक्समधले तेल थंड असताना दुसरा गिअर पडायला तयार नसतो. तेव्हा जोर न करता पहिल्यावरून थेट तिसऱ्यावर जावे. तेल पुरेसे तापले की तोच दांडा दोन बोटांनी हलतो. क्लच जड आहे, स्टिअरिंगला पॉवरची मदत नाही, त्यामुळे गाडी उभी करताना बाहू भरून येतात. वेग घेतल्यावर मात्र रस्त्याचा प्रत्येक चढउतार तळहाताला कळतो, आणि हे सुख मला आजच्या गाड्यांत मिळालेले नाही.

४.९ लिटरचे, बारा सिलिंडरांचे आणि ३९० अश्वशक्तीचे हे इंजिन गिअरबॉक्सच्या वर बसवलेले असल्याने बरेचसे वजन मागे आणि उंचावर येते. बोलोन्या आणि फ्लॉरेन्सदरम्यानच्या फुता घाटात हे लगेच जाणवते. वळणाआधीच ब्रेक लावून वेग उतरवावा, वळणात ॲक्सिलरेटर एकसारखा ठेवावा. मध्येच पाय उचलला तर मागचा भाग बाहेर सरकू पाहतो, आणि घाबरून ब्रेक दाबला तर चाके अडकू न देणारी एबीएस यंत्रणाही नाही. याउलट मिलानच्या सपाट महामार्गावर ताशी १३० किलोमीटरच्या मर्यादेत ती इतकी निवांत चालते की तासन्‌तास बसूनही पाठ आखडत नाही. चौथ्या गिअरमध्ये इंजिनाच्या कमी फेऱ्यांवरून ॲक्सिलरेटर दाबल्यावर बारा सिलिंडरांचा स्वर सलग, कुठेही न अडखळता चढत जातो. तेवढ्यासाठीसुद्धा ही गाडी घ्यावी, असे मी मनापासून म्हणेन.

घेण्याआधी टायमिंग बेल्ट (इंजिनाच्या झडपांची उघडझाप वेळेवर ठेवणारे पट्टे) कधी बदलले याची कागदपत्रे अवश्य पाहावीत, कारण ते बदलण्यासाठी इंजिन गिअरबॉक्ससह खाली उतरवावे लागते आणि मजुरीचा आकडा सुट्या भागांच्या किमतीपेक्षा कितीतरी मोठा असतो.