पिल्लांना बाटलीनं दूध पाजण्यासाठी पैसे भरताय? आधी हे वाचा

ऊसतोडीचा हंगाम सुरू झाला की एक जाहिरात फिरायला लागते. 'बिबट्याच्या अनाथ बछड्यांना तुमच्या मायेची गरज आहे. वन्यजीव बचाव केंद्रात आठवडाभर स्वयंसेवक व्हा. राहणं, जेवण आणि प्रमाणपत्रासह. दोनच जागा शिल्लक.' सोबत फोटो असतो: मांडीवर ठिपक्याठिपक्यांचं पिल्लू आणि त्याच्या तोंडात दुधाची बाटली. ही जाहिरात पाहून मी आणि ऑफिसातली माझी मैत्रीण माणशी 14,500 रुपये भरून पुणे जिल्ह्याच्या उत्तर भागातल्या एका 'केंद्रा'त गेलो होतो. पैसे गेले ते गेलेच. पण त्या पैशांवर तिथं काय चालतं ते लोकांना कळायलाच हवं, म्हणून हे लिहिते आहे.

आधी पैशांचं सांगते. रक्कम यूपीआयनं घेतली आणि ती संस्थेच्या नव्हे, एका व्यक्तीच्या नावावरच्या खात्यात गेली. पावतीवर 'देणगी' असं लिहिलं होतं. आयकरात 80जीची, म्हणजे देणगीवरची, सवलत मिळेल असंही फोनवर सांगितलं होतं. त्या सवलतीसाठी संस्थेनं आयकर विभागाच्या पोर्टलवरून काढलेलं 10बीई नावाचं प्रमाणपत्र लागतं. ते आम्हाला मिळालं नाही, आणि मिळणारही नव्हतं. राहण्याजेवणाच्या बदल्यात दिलेली रक्कम देणगी होतच नाही. पावतीवर तो शब्द का घातला होता ते पैसे परत मागायला गेल्यावर उमगलं. 'देणगी परत करता येत नाही' एवढं एकच उत्तर मिळालं.

केंद्र म्हणजे एक फार्महाऊस. मागे पत्र्याची शेड आणि तिच्यात कोंबड्यांसाठी असतात तसे जाळीचे पिंजरे. त्यांत तीन पिल्लं, दोन पोपट, एक माकडाचं पोर आणि गोणपाटाखाली झाकलेल्या डब्यांत साप. संध्याकाळी एका 'सर्पमित्रा'नं नाग बाहेर काढून आलेल्यांना हातात धरायला दिला आणि फोटो काढले. आम्ही दोघी लांब उभ्या राहिलो. पिल्लांना हात लावण्याआधी रेबीजची लस घेतली आहे का, हे कुणी कुणालाही विचारलं नाही. खऱ्या उपचार केंद्रात हा प्रश्न पहिल्याच दिवशी विचारतात.

जाहिरातीतले 'बिबट्याचे बछडे' बिबट्याचे नव्हतेच. ती वाघाटीची पिल्लं होती. वाघाटी म्हणजे जगातल्या सर्वांत लहान रानमांजरांपैकी एक. पूर्ण वाढली तरी वजन साधारण एक ते दीड किलो. अंगावर तांबूस ठिपके आणि कपाळावर पांढरे पट्टे. ती उसात पिल्लं घालते, आणि तोडणी सुरू झाली की ती पिल्लं बिबट्याची समजून गावभर गडबड उडते. मचाणावर बसून पाणवठ्यावर येणारे प्राणी मोजायला मी पूर्वी गेले आहे, वनरक्षकांकडून हे ऐकलंही होतं. मी तसं म्हटल्यावर तिथला माणूस हसला आणि म्हणाला, 'मॅडम, बिबट्या म्हटलं की लोक येतात.'

पिल्लांना गाईचं दूध पाजत होते आणि तिन्ही पिल्लांना जुलाब लागले होते. आलेला प्रत्येक जण त्यांना उचलून घ्यायचा. सकाळी मुंबईची मंडळी, दुपारी नाशिकचं एक कुटुंब. दोन तास डोळा लागला की पुन्हा कुणीतरी फोटोसाठी उठवायचं. 'आई हार्वेस्टरखाली सापडून मेली, मोठी झाली की यांना जंगलात सोडणार,' असं सगळ्यांना सांगितलं जायचं.

ही थाप उघडी पडली ती ऊसतोडीला आलेल्या एका बाईमुळे. एके दुपारी त्या डालग्यात आणखी दोन पिल्लं घेऊन फाटकाशी आल्या. डोळे नुकते उघडलेली, मुठीएवढी. फार्महाऊसवरचा माणूस बाहेर गेला होता, म्हणून त्या आमच्यापाशीच थांबल्या. मी विचारलं, 'यांचीही आई मेली का?' त्या म्हणाल्या, 'मरंल कशाला ताई? काल रातभर फडाच्या कडंला वरडत व्हती. हितल्या सायबांनी मुकादमाला सांगून ठिवलंय, पिल्लं घावली की आणून द्या, पैसं देतो म्हणून.'

त्या बाईंचा मला जराही राग आला नाही. दिवसभर कोयता चालवून रात्री कोपीत झोपणाऱ्या माणसाला कुणी शहरी साहेब 'ही पिल्लं वाचवायची आहेत' म्हणत असेल, तर त्यानं का विश्वास ठेवू नये? राग येतो तो पिल्लांचा भाव ठरवणाऱ्याचा.

आम्ही तिथूनच वन विभागाच्या 1926 या क्रमांकावर फोन केला. वनपाल आणि वनरक्षक संध्याकाळपर्यंत पोचले. त्यांनी त्या बाईंना नेमकी जागा विचारली, हातमोजे घालून पिल्लं प्लास्टिकच्या क्रेटमध्ये ठेवली, त्याच फडाच्या कडेला तो क्रेट नेला आणि कॅमेरा लावून सगळ्यांना लांब केलं. रात्रीतच आई आली आणि एकेक पिल्लू तोंडात धरून घेऊन गेली. जुन्नरला आणि नाशिक भागात बिबट्याच्या बछड्यांसाठीही वन विभाग हेच करतो. आई जिवंत असेल तर पिल्लाला वाचवण्याचा हाच खरा मार्ग आहे. त्यात बाटली नाही, मांडी नाही, फोटो नाही, आणि कुणाला पैसे भरायचे नसतात.

शेडमधल्या तिघांसाठी मात्र ही वेळ टळून गेली होती. ती कुठल्या शेतातून आणली हे सांगायला कुणी तयार नव्हतं आणि ती पुरती माणसाळली होती. माणूस दिसला की जाळीला येऊन चिकटायची. माणसाळलेली वाघाटी रानात सोडली तर ती कुत्र्यांच्या तोंडी जाते, नाहीतर वस्तीतच घुटमळते. वन विभागानं पिल्लं, पोपट, माकडाचं पोर आणि साप ताब्यात घेऊन पंचनामा केला. त्या तिघांतलं एक पिल्लू उपचार सुरू असतानाच गेलं. उरलेल्या दोघांचं आयुष्य आता पिंजऱ्यातच जाणार, असं उपचार करणारे पशुवैद्य म्हणाले.

परत आल्यावर याबद्दल वाचत गेले, तेव्हा दिसलं की दक्षिण आफ्रिकेत हाच धंदा सिंहांच्या छाव्यांवर उभा राहिला. जन्मल्यावर काही दिवसांतच छावे आईपासून तोडायचे, म्हणजे सिंहीण लवकर पुन्हा माजावर येते. परदेशांतून आलेले स्वयंसेवक भरपूर पैसे मोजून त्या 'अनाथां'ना दूध पाजतात. मोठे झाल्यावर ते कुंपणात शिकाऱ्यांपुढे उभे केले जातात आणि त्यांची हाडं आशियात विकली जात आली आहेत. 2017 साली तिथल्या सरकारनं 800 सांगाड्यांच्या निर्यातीला परवानगी दिली होती. 2021 मध्ये पर्यावरणमंत्री बार्बरा क्रीसी यांनी पाळीव सिंहांची ही पैदास थांबवणार असल्याचं जाहीर केलं. ज्यांनी छाव्यांना दूध पाजलं ती तरुण मुलं प्राण्यांवर प्रेम करणारीच होती. फसवणाऱ्यांचं भांडवल नेमकं तेच प्रेम असतं.

आपल्याकडचा कायदा या बाबतीत स्पष्ट आहे आणि तो माहीत असला की निम्मी जाहिरातबाजी तिथंच कोसळते. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम 1972 नुसार असा प्राणी हाती आला तर 48 तासांच्या आत जवळच्या पोलीस ठाण्याला किंवा वनाधिकाऱ्याला कळवावं लागतं. 'आम्ही वाचवलं' म्हणून तो कुणाच्या मालकीचा होत नाही. बचाव केंद्र चालवायला केंद्रीय प्राणिसंग्रहालय प्राधिकरणाची मान्यता लागते. 2022 च्या दुरुस्तीनं तर प्राणिसंग्रहालयाच्या व्याख्येतच बचाव केंद्रं आली आहेत. मान्यताप्राप्त केंद्रांची यादी प्राधिकरणाच्या संकेतस्थळावर आहे. तात्पुरत्या उपचारांचं केंद्र असेल तर वन विभागाचं लेखी पत्र असतं, ते मागा. आम्ही मागितलं तेव्हा 'प्रोसेसमध्ये आहे' असं उत्तर मिळालं. पत्र असलेला माणूस ते लगेच दाखवतो.

खऱ्या केंद्रात स्वयंसेवकाला मिळणारं काम दिसायला आकर्षक नसतं. पिंजरे धुणं, मांस कापून वजन करणं, कोणी किती खाल्लं याची वहीत नोंद ठेवणं, चढायला-लपायला फांद्या बांधणं. प्राण्याशी बोलू देत नाहीत, पिल्लाजवळ तर फिरकूही देत नाहीत. जुन्नरजवळच्या माणिकडोहच्या बिबट्या निवारा केंद्रात किंवा नागपूरच्या गोरेवाडा बचाव केंद्रात कुणी तुमच्या मांडीवर बछडा आणून ठेवणार नाही. जो ठेवतो त्याच्याकडे तो बछडा आला कुठून, एवढं विचारा आणि उत्तर लेखी मागा.

आमच्या तक्रारीवर वन गुन्हा नोंदवला गेला आहे. जाहिरातीचं ते पान बंद झालं, पण काही आठवड्यांतच दुसऱ्या नावानं तेच फोटो पुन्हा दिसू लागले. फोन नंबर बदलला आहे, पैसे मागवण्याचं खातं मात्र तेच आहे. तुम्ही अशा ठिकाणी पैसे भरले असतील तर व्यवहाराचा स्क्रीनशॉट, पावती, जाहिरात आणि तिथले फोटो एकत्र करून त्या भागातल्या वन परिक्षेत्र अधिकाऱ्यांकडे लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या. पैशांसाठी सायबर फसवणुकीच्या 1930 या क्रमांकावर वेगळी तक्रार नोंदवा. फोटोंची तारीख पुसू नका. पिल्लं कोणत्या हंगामात आणि कोणत्या भागातून उचलली, हे तपासात त्यावरूनच जुळवता येतं.