१०८ रुग्णवाहिका सेवा, म्हार्दोळ (गोवा): श्रेय कोणाचे?

सासऱ्यांच्या छातीत पहाटे कळ आली तेव्हा १०८ या निःशुल्क क्रमांकावर लगेच उत्तर मिळाले, आणि घाबरल्यामुळे मला पत्ता धड सांगता येईना, तरी ‘म्हाळसेच्या देवळाकडून कुठे वळायचे’ एवढे विचारून गाडी दारात आली. तंत्रज्ञाने त्यांना टेकवून बसवले, प्राणवायू लावला, रक्तदाब पाहिला आणि बांबोळीच्या गोमेकॉत, म्हणजे गोवा मेडिकल कॉलेजच्या इस्पितळात, पोहोचेपर्यंत त्यांच्याशी कोकणीत बोलत राहिला. चालक तर प्रत्येक गतिरोधकाआधी मागे सांगत होता, ज्याची खरे तर कोणी अपेक्षाही केली नसती.

सासरे बरे होऊन परतल्यावर घरात एकच सूर होता, ‘देवीने राखले’. सासूबाईंनी ओटी भरली, त्याला माझी ना नाही. कौलप्रसादाने, म्हणजे देवीला कौल लावून, धीर येत असेल तर तोही घ्यावा. मात्र गाडी देवीनेच पाठवली असे म्हणून तंत्रज्ञ आणि चालक या दोघांचे साधे नावही न विचारणे मला अप्रशस्त वाटते, कारण मग जिथे मदत वेळेवर पोहोचली नाही त्या घरावर देवीचा कोप होता, असेही म्हणावे लागेल. मी दोघांच्या कामाबद्दल लेखी अभिप्राय पाठवला आहे.

सेवेला पूर्ण गुण. फोन करताना देऊळ, चर्च किंवा तिठा अशी ठळक खूण आधी सांगावी.