बसल्यावर खाली जाणारी खुर्ची: नवा सिलेंडर, होज क्लिप की पीव्हीसी पाईप?

ऑफिसची खुर्ची बसल्या बसल्या खाली जायला लागली की इंदूरमध्ये तीन सल्ले मिळतात. सियागंजच्या बाजारातून होज क्लिप, म्हणजे स्क्रूनं आवळायची धातूची पट्टी, आणून नळीवर आवळा, पीव्हीसी पाईपचा तुकडा चढवा, नाहीतर सीट वर-खाली करणारा, सीटखालचा सिलेंडरच बदला. तिन्ही उपाय चालतात, पण सारखे चालत नाहीत. दिवसाचे सहा-आठ तास खुर्चीत जात असतील तर सिलेंडर बदलावा. ५०० ते १२०० रुपयांत काम होतं आणि खुर्ची पुन्हा वर-खाली होते. क्लिप तो सिलेंडर घरी येईपर्यंतची सोय आहे. पाईप दोन्हींच्या मधला, आणि त्याला उगाच कमी लेखलं जातं.

पैसे काढण्याआधी मात्र एक गोष्ट तपासा. दोष काही वेळा सिलेंडरचा नसतोच. खुर्ची आडवी करून सीटखालची लोखंडी प्लेट बघा. उंचीच्या दांडीचं आतलं चपटं टोक सिलेंडरच्या डोक्यावरच्या छोट्या कळीवर येतं. दांडी मोकळी असताना या दोघांत एक-दोन मिलिमीटर फट हवी. टोक वाकून कळीला टेकलेलं असेल, तर कळ सतत थोडी दाबलेली राहते आणि चांगला सिलेंडरही खाली जातो. दांडी प्लास्टिकच्या खाचेतून ओढून बाहेर काढा आणि दांडीशिवाय अर्धा तास खुर्चीत बसा. खुर्ची खाली गेली नाही, तर पक्कडीनं दांडीचं टोक किंचित वाकवून फट करा. एक रुपयाही लागत नाही. घरी बोलावलेला कारागीर हे तपासेलच असं नाही, कारण त्याची कमाई सिलेंडर विकण्यात आहे.

दांडी काढूनही खुर्ची खाली जात असेल तर सिलेंडरच्या आतली रबरी सील गेली. बाजारात सिलेंडरला हायड्रॉलिक म्हणतात, दुकानात हाच शब्द वापरा, पण आत दाबाखालचा नायट्रोजन असतो. दट्ट्याच्या वर एक कप्पा, खाली एक, आणि मधे व्हॉल्व्ह. कळ दाबली की वायू इकडून तिकडे जातो, सोडली की वाट बंद होते आणि खुर्ची तिथेच थांबते. रबरी सील झिजली की बंद वाटेतूनही वायू झिरपतो आणि माणसाच्या वजनानं नळी हळूहळू आत जाते. उठून दांडी ओढल्यावर सीट वर येत असेल तर वायू अजून आहे, फक्त आतून झिरपतोय. वर येतच नसेल तर वायू बाहेर गेला. दोन्ही वेळी सिलेंडर बदलावाच लागतो. त्यात पुन्हा गॅस भरून देतो असं कुणी म्हणालं तर ऐकू नका. झिजलेली सील तशीच राहते, आणि हा सिलेंडर उघडून दुरुस्त करण्यासाठी बनवलेला नसतो.

होज क्लिप लावायची तर सिलेंडरच्या खालच्या जाड नळीतून वर येणारी आतली चकचकीत नळी २८ मिलिमीटरची असते हे लक्षात ठेवा. २५ ते ४० मिलिमीटर आवळणारी क्लिप घ्या, आणि एक नाही, दोन. नळीला गुळगुळीत क्रोम असतो, त्यामुळे नुसती क्लिप कितीही आवळली तरी घसरते. खाली सायकलच्या जुन्या ट्यूबचा एक वेढा द्या, दोन्ही क्लिपा एकमेकींवर टेकवा आणि स्क्रू-ड्रायव्हरऐवजी बॉक्स पान्ह्यानं आवळा. एवढं करूनही अंगानं भारी माणसाखाली ती काही दिवसांत सरकते.

पाईप सरकत नाही, कारण भार थेट खालच्या जाड नळीच्या तोंडावर पडतो. ४० मिलिमीटरचा पीव्हीसी पाईप हव्या त्या उंचीइतका सरळ कापा. करवतीनं त्याला लांबीत एक चीर द्या, पाच मिनिटं उकळत्या पाण्यात ठेवा, मऊ झाल्यावर हातमोजे घालून फाकवा आणि नळीवर चढवा. तोटे दोन आहेत. उंची कायमची ठरून जाते, आणि खुर्ची फिरवताना पाईप जाड नळीच्या तोंडातल्या प्लास्टिकच्या कड्यावर, म्हणजे बुशवर, घासून करकरतो. बुशवर थोडं ग्रीस लावलं की आवाज कमी होतो. एकच माणूस बसणाऱ्या खुर्चीला हे पुष्कळ झालं. संध्याकाळी मुलंही त्याच खुर्चीत अभ्यासाला बसत असतील तर याचा उपयोग नाही.

आता सिलेंडर. बहुतेक खुर्च्यांत खालची जाड नळी ५० मिलिमीटरची आणि वरचं टोक २८ मिलिमीटरचं असतं. दोन्ही टोकं किंचित निमुळती, आणि चाकांचा पाय व सीटखालची प्लेट या दोन्हींत ती फक्त घट्ट बसून राहतात. स्क्रू नाही, आटे नाहीत. त्यामुळे एका कंपनीच्या खुर्चीत दुसऱ्या कंपनीचा सिलेंडर सहसा बसतो. फसगत होते ती लांबीत. पूर्ण वर असताना एकूण लांबी, खालच्या जाड नळीची लांबी आणि नळी किती आत-बाहेर होते ते अंतर, म्हणजे चाल, अशी तीन मापं लिहून न्या. १०० मिलिमीटर चाल सर्वांत जास्त मिळते. जाड नळी जुन्यापेक्षा लांब घेतली तर खुर्ची सर्वांत खाली आणूनही उंच राहते आणि बुटक्या माणसाचे पाय लोंबकळतात.

वेष्टनावर क्लास ३, क्लास ४ असं लिहिलेलं असतं. हा आकडा उंचीचा नसून मजबुतीचा आहे. क्लास ४ च्या नळीची भिंत जाड असते. साधारण अंगाच्या माणसाला चांगला क्लास ३ पुरतो, पण दोघांतला फरक दोन-तीनशे रुपयांचा असेल तर क्लास ४ घ्यावा. क्लासचा आकडा नळीवर ठोकलेला आहे की फक्त स्टिकरवर, ते बघा. नुसत्या स्टिकरवर आमचा विश्वास नाही. आतली नळी बोटांत धरून डावी-उजवी हलवून बघा. बुशात डगमगत असेल तर खुर्चीही डगमगेल, तो सिलेंडर परत द्या.

काढणं हेच खरं कष्टाचं काम आहे. चार-पाच वर्षांत ही निमुळती टोकं घट्ट चिकटतात. एक किलोचा हातोडा, १४ इंची पाईप पाना, पक्कड, गंज सोडवणारा स्प्रे आणि डोळ्यांना चष्मा लागेल. खुर्ची उलटी करा. चाकांच्या मधोमध सिलेंडरचं बूड दिसतं. सांध्यात स्प्रे मारून वीस मिनिटं थांबा. मग बुडाच्या कडेवर, फिरून फिरून चारी बाजूंनी, लोखंडी तुकडा ठेवून ठोका. मधल्या दांड्यावर ठोकू नका, तो वाकला की सिलेंडर जाड नळीतून निघत नाही. पाय सुटला की बुडातली क्लिप पक्कडीनं काढा. वॉशर आणि बेअरिंग निघतात आणि जाड नळी ओढून बाहेर येते.

इथे बहुतेकांची चूक होते. पाईप पाना जाड नळीला लावून फिरवत बसतात. ती नळी आतल्या नळीभोवती मोकळी फिरते, सांध्याला काहीच जोर लागत नाही. पाना २८ च्या चकचकीत नळीलाच लावायचा. ती खरचटली तरी चालेल, टाकूनच द्यायची आहे. पुढे-मागे असा हिसका दिला की करकर आवाज येतो आणि सांधा सुटतो. तरीही सुटला नाही, तर प्लेटच्या भोकाभोवतीच्या जाड कड्यावर हातोडा मारा. पातळ पत्र्यावर मारलात तर प्लेट वाकते आणि सीट कायमची तिरकी होते. गॅसची ज्योत मात्र कधीही लावू नका. आत दाबाखालचा वायू आहे.

बसवताना दोन्ही भोकांतलं तेल कोरड्या फडक्यानं पूर्ण पुसा. निमुळता सांधा कोरडाच धरतो, तेलानं सुटतो. कळीवरची प्लास्टिकची टोपी काढा, नाहीतर दांडी कळ सतत दाबून ठेवेल आणि नवा सिलेंडरही पहिल्या दिवसापासून खाली जाईल. धूळझाकणाचे तुकडे रुंद बाजू खाली ठेवून आधी चढवा. शेवटी विसरलात तर सगळं परत उघडावं लागतं. ठोकायचं काहीच नाही, तीन-चार वेळा जोरात बसलं की सिलेंडर घट्ट होतो. मग पायाखाली बघा. सिलेंडरचं बूड जमिनीपर्यंत उतरलं असेल तर पायाचं भोक पसरलंय, पायच बदला.

हातोडा चालवायचा नसेल तर कारागीर घरी येऊन अर्ध्या तासात हे करतो. मजुरी आधी ठरवा, मापं तुम्हीच द्या आणि जुना सिलेंडर स्वतःकडे मागून घ्या. नळी वेल्डिंग करून पक्की करतो म्हणणाऱ्याला मात्र दारातूनच परत पाठवा. दाबाखालच्या नळीला वेल्डिंग केलं तर ती फुटू शकते, आणि त्या वेळी त्याचा चेहरा अगदी जवळ असतो.

जुना सिलेंडर सकाळच्या कचरागाडीत सुक्या कचऱ्याबरोबर देऊ नका. गाडीवर घरगुती घातक कचऱ्याचा वेगळा खण असतो, त्यात सांगून द्या. भंगारवाल्याला विकायचा असेल तर त्यावर पेननं ‘आत गॅस आहे, कापू नये’ अशा अर्थाचं ठळक हिंदीत लिहा. ग्राइंडर चालवणाऱ्याच्या हाती तो पुढे जातो तेव्हा सांगायला तुम्ही तिथे नसता.