नॉट इन की नॉट एग्झिस्ट्स: पावती नसलेले शेतकरी शोधताना
डेटाबेसमधून माहिती काढायच्या एसक्यूएल भाषेत ‘यात नसलेले’ शोधायचे हे दोन मार्ग. रावेरच्या एका केळी खरेदी केंद्राची दोन टेबलं धरा: ‘शेतकरी’ (खाली ‘श’) आणि ‘काटापावती’ (खाली ‘प’). नाव नोंदवलंय, पण हंगामात एकही गाडी काट्यावर आली नाही, अशांची यादी हवी.

नॉट इन वाचायला सोपं:
व्हेअर श.क्रमांक नॉट इन (सिलेक्ट प.शेतकरी_क्रमांक फ्रॉम काटापावती प)

घात करतो तो नल, म्हणजे रिकामा राहिलेला रकाना. घाईत फाडलेल्या एकाच पावतीवर शेतकरी क्रमांक रिकामा राहिला, की अख्खी यादी कोरी येते. एररही दिसत नाही, म्हणून हे फार धोक्याचं. नलशी तुलना केली की उत्तर ‘अज्ञात’ येतं आणि व्हेअर अशी ओळ गाळतं. नॉट इनच वापरायचं असेल, तर कंसात ‘इज नॉट नल’ घालाच.

नॉट एग्झिस्ट्स फक्त जुळणारी पावती आहे का, एवढंच बघतं:
व्हेअर नॉट एग्झिस्ट्स (सिलेक्ट 1 फ्रॉम काटापावती प व्हेअर प.शेतकरी_क्रमांक = श.क्रमांक)

रिकाम्या पावतीनं इथं काहीच बिघडत नाही. आमची पसंती यालाच. हंगामाच्या तारखेची अट कंसाच्या आत लिहा आणि काटापावतीच्या शेतकरी_क्रमांकवर इंडेक्स (शोध झटपट करणारी सूची) ठेवा.