दोन अल्बम आणि दीड कान

आधी तक्रार, मग संगीत. २०२४ च्या गणपतीच्या तोंडावर १९०० रुपयांचे वायरवाले इयरफोन घेतले. ब्लूटूथवाले नकोत, लोकलमध्ये कानातून पडले की दिव्याच्या खाडीत शोधायचे का? ऐन दिवाळीत उजवी बाजू गेली. जॅकपाशी वायर मुरगळून धरली की आवाज येई, सोडली की गुल. वर्षाची वॉरंटी होती, म्हणून शनिवार मोडून सर्व्हिस सेंटर गाठलं. तिथल्या मुलाने वायर उलटसुलट करून बघितली आणि कागदावर 'फिजिकल डॅमेज' लिहिलं. म्हटलं, मित्रा, इयरफोनला मानसिक डॅमेजही होतं का? तो हसला नाही. नवे घेणं तत्त्वात बसत नव्हतं. पुढचे सात महिने डाव्या कानावर काढले.

हे सांगण्याचं कारण, पिंक फ्लॉइड या ब्रिटिश रॉक बँडचा गिटारवाला डेव्हिड गिल्मर, त्याचा 'लक अँड स्ट्रेंज' हा अल्बम आला ६ सप्टेंबर २०२४ ला, तेव्हा इयरफोन धडधाकट होते. द क्युअर या ब्रिटिश बँडचा 'साँग्ज ऑफ अ लॉस्ट वर्ल्ड' आला १ नोव्हेंबरला, लक्ष्मीपूजनाच्या दिवशी, तेव्हा ते लंगडे झाले होते. म्हणजे एकाला दोन कान मिळाले आणि दुसऱ्याला एक. माझ्या जुन्या मतांवर भरवसा ठेवून कुणी क्युअर ऐकायचं टाळलं असेल तर त्याची माफी मागतो.

तेव्हाचं मत असं होतं. डोंबिवलीला फास्ट पकडायची, दरवाजातून आत ढकलले गेलो की प्ले दाबायचं. पहिलं गाणं 'अलोन'. ड्रम्स पडतायत, कीबोर्ड पसरतोय, कोपर स्टेशन गेलं तरी बँडचा गायक रॉबर्ट स्मिथ काही तोंड उघडत नाही. तीन मिनिटं उलटून गेल्यावर साहेब गायला लागतात, आणि गातात काय, तर आपण गातो त्या प्रत्येक गाण्याचा हा शेवट आहे. अहो, सुरुवात तर करा! शेवटचं 'एंडसाँग' याच्यावर कडी. दहा मिनिटांच्या वर लांबी आणि त्यातली पहिली सहा बिनशब्दांची. कुर्ल्याच्या आसपास सुरू होतं, सायनची खाडी नाकाला कळते, तरी गाणारा बेपत्ता.

हा मुद्दा माझ्या डोक्यात इतका बसला की एका रविवारी वही घेऊन आठही गाण्यांना घड्याळ लावलं. बायको म्हणाली, लाइट बिलाचा हिशोब करतोयस का? जवळजवळ तसंच. एकोणपन्नास मिनिटांचा अल्बम, सोळा वर्षांनी आलेला (आधीचा '४:१३ ड्रीम' २००८ चा), आणि त्यात माणूस गातो किती? ऑफिसातले एक शास्त्रीयवाले सहकारी म्हणाले, आलाप समजून ऐक. पण आलापात निदान गवय्या बसलेला तरी असतो! इथे तो ग्रीनरूममध्ये चहा पितोय.

त्या मानाने गिल्मर सरळ माणूस. अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी गिटारची तार अशी ओढतो की बाजूला उभा असलेला माणूस कोपर मारतोय हे दोन मिनिटं विसरायला होतं. शीर्षकगीत २००७ साली त्याच्या घराजवळच्या कोठारात वाजवलेल्या तुकड्यावर उभं केलंय, कीबोर्डवर पिंक फ्लॉइडमधला जुना साथीदार रिचर्ड राइट. तो २००८ मध्ये गेला. मूळ तुकडाही जादा ट्रॅक म्हणून दिलाय, चौदा मिनिटांचा. (त्यातही कुणी गात नाही, पण त्याला मी घड्याळ लावलं नाही. का, हे मला आत्ता लिहिताना सुचतंय.) निर्माता चार्ली अँड्र्यू या वेळी नवा होता. त्याने गिल्मरलाच विचारलं म्हणे की इथे सोलो कशाला हवा, आणि सगळी गाणी विरत विरतच का संपवायची? पिंक फ्लॉइडच्या माणसाला हे विचारायची छाती हवी.

एक गाणं मात्र मी चिडून गाळत असे. 'बिट्वीन टू पॉइंट्स', जे त्याची मुलगी रोमनी गाते. आपल्याकडे नटसम्राटांची मुलं रंगमंचावर येतात तसलाच प्रकार, लेकीला लाँच केलंय झालं, असं धरून बसलो होतो. मार्चमध्ये फोन आतल्या खिशात राहिला आणि गर्दीत हात वर काढता येईना, म्हणून ते पहिल्यांदा पूर्ण ऐकलं. मूळ गाणं माँटगॉल्फिअर ब्रदर्स या बँडचं, १९९९ चं. पोरगी कुठेही जोर लावत नाही, शब्द नुसते ठेवून देते, हार्पही तीच वाजवते. बाप शेवटी गिटार घेऊन येतो तोही अंगावर येत नाही. आज या अल्बममधलं माझं सगळ्यात जास्त वाजलेलं गाणं हेच आहे. 'डार्क अँड व्हेल्व्हेट नाइट्स' हे गाणं मात्र पुन्हा एकदाही लावलं नाही.

आता जून. भाची राहायला आली होती. मला एका कानात वायर खुपसून बसलेलं बघून तिने फोन घेतला, सेटिंगमध्ये ॲक्सेसिबिलिटीत जाऊन 'मोनो ऑडिओ' चालू केलं. दोन्ही बाजूंचा आवाज एकत्र होऊन एका कानात यायला लागला. सात महिने ही सोय खिशात होती! म्हणजे इतके दिवस मी फक्त डावीकडचा चॅनल ऐकत होतो आणि उजवीकडे काय चाललंय याचा पत्ता नव्हता. लाज वाटून दुसऱ्याच दिवशी स्टेशनबाहेरच्या मोबाइलवाल्याकडे गेलो. त्याने जॅक कापला, चार केसासारख्या तारा लायटरने पोळून त्यांवरचं लाखेचं आवरण उडवलं, नव्या जॅकला डाग दिला, वर काळी नळी चढवली. दहा मिनिटं, १२० रुपये.

त्या रात्री क्युअर पुन्हा लावला. खोटं कशाला बोलू, 'अलोन'ची पहिली तीन मिनिटं कधी गेली कळलं नाही. ड्रम्स मधोमध, बाकीचं सगळं दोन्ही बाजूंनी भरतीसारखं चढत येतं, आणि आवाज आला तेव्हा तो उशिरा आलाय असं वाटलंच नाही. अर्धं काढून घेतलं तर कुठलीही प्रतीक्षा लांबच वाटणार. 'आय कॅन नेव्हर से गुडबाय' स्मिथने मोठ्या भावाच्या जाण्यावर केलंय. गडगडाट आणि पावसाने सुरू होतं. बाहेर खरा पाऊस होता, मी उठून खिडकी लावायला गेलो, परत येऊन इयरफोन काढला तेव्हा उलगडा झाला की गडगडाट गाण्यातला होता. पुढे पियानोचे तेच ते साधे सूर फिरत राहतात. माझा धाकटा काका गेला त्या आठवड्यात मी ते रोज ऐकलं, त्याबद्दल इथे जास्त लिहीत नाही.

आणि 'एंडसाँग'. सहा मिनिटांची ती वाट आता मला हवी असते. अंधारात उभं राहून तांबड्या चंद्राकडे बघणारा पासष्टीचा माणूस, शेवटचा शब्द 'नथिंग'. ऑफिसला जाताना दादरच्या धक्काबुक्कीत तो शब्द हमखास तुडवला जातो. म्हणून मी तो येताना ऐकतो, उलट्या बाजूने, बसायला मिळालं तर.

एवढं होऊनही 'वॉरसाँग' मला फुगवलेलं वाटतं, दोन कानांनीही.

रोलिंग स्टोन्सच्या २०२३ च्या 'हॅकनी डायमंड्स'बद्दल एकाने विचारलं होतं. गाडीत छान, घरी चार गाण्यांत डोकं उठतं. स्टीव्ही वंडर आणि लेडी गागा असलेलं एक गाणं सोडलं तर मी परत गेलो नाही.

परवापासून डाव्या बाजूला खरखर सुरू झालीय. मोबाइलवाला म्हणतो, आता १५० होतील, जॅक महाग झालाय. मी १२० वर अडून आहे. तोवर मोनो.