कोठारातली तोफ की कारखान्याला पैसा?

युक्रेनला शस्त्रं देण्याचा सरळ मार्ग म्हणजे आपल्याच लष्कराकडची उचलून देणं. पोलंडने २०२२ मध्ये दोनशेहून अधिक सोव्हिएत काळातले टी-७२ रणगाडे असे दिले. युक्रेनी सैनिकांना ते हाताळायची सवय होतीच. डेन्मार्कने तर जानेवारी २०२३ मध्ये फ्रान्सकडून मागवलेल्या सगळ्याच्या सगळ्या १९ सीझर तोफा देऊन टाकल्या. पण कोठाराला तळ असतो. शिवाय दुसऱ्या देशात बनलेलं शस्त्र पुढे द्यायला त्या देशाची परवानगी लागते. लेपर्ड-२ रणगाड्यांसाठी पोलंडला जर्मनीच्या होकाराची वाट पाहावी लागली, ती याचमुळे.

२०२४ मध्ये डेन्मार्कनेच दुसरी वाट काढली: युक्रेनच्या कारखान्यांना थेट पैसा. पहिली मोठी खरेदी होती १८ बोहदाना तोफांची. १५५ मिमीच्या या तोफा काही महिन्यांतच लष्कराच्या हाती आल्या. बनवणारे देशातच असल्याने दुरुस्ती आणि सुटे भाग जवळ. रोजगारही तिथेच. पुढे स्वीडन, नॉर्वे यांनी यात पैसे घातले. युरोपीय देशांनी गोठवलेल्या रशियन मालमत्तेवरच्या उत्पन्नाचा काही भागही याच मार्गाने गेला. (रशियाच्याच पैशातून, असं म्हणायला हरकत नाही!)

तोफा आणि ड्रोनसाठी मला दुसरा मार्ग उजवा वाटतो. मात्र हे कारखाने रशियन क्षेपणास्त्रांच्या टप्प्यात आहेत, आणि ती पाडणारी पॅट्रियट यंत्रणा युक्रेनमध्ये बनत नाही. ती अजूनही कुणाच्या तरी कोठारातूनच निघावी लागते.