अँटीव्हायरस घेताय? नको ते प्रोग्राम कोण अडवतो आणि वगळलेल्या फाइलचं काय करतो, ते आधी बघा

"कुठला अँटीव्हायरस घेऊ?" असं विचारणारे मला ठाण्यात सारखे भेटतात, आणि बहुतेकांना एवढंच जाणून घ्यायचं असतं की व्हायरस कोण जास्त पकडतो. आता उघड व्हायरस म्हणाल तर नावाजलेले सगळेच बऱ्यापैकी पकडतात. खरा फरक दोन ठिकाणी पडतो. जे धड व्हायरस पण नाही आणि धड कामाचं पण नाही अशा प्रोग्रामचं तो काय करतो हे एक, आणि "ही फाइल सोड, हिला हात लावू नको" असं सांगितल्यावर तो नेमकं किती सोडतो हे दुसरं. माझा निकाल मी या दोन गोष्टींवरच लावते, आणि का ते आधी सांगते.

नौपाड्यातल्या तीन-चार सीए ऑफिसांचे आणि एका लग्नपत्रिका छापणाऱ्या डीटीपीवाल्यांचे कॉम्प्युटर मी सांभाळते. मागच्या वर्षी त्यातल्या एका ऑफिसात वीस तारखेला, म्हणजे जीएसटीचं थ्रीबी रिटर्न भरायचा शेवटचा दिवस, सकाळी सकाळी अँटीव्हायरसने एक्सेलमधून रिटर्नसाठी लागणारी जेसन फाइल बनवणारं छोटंसं युटिलिटी उचललं आणि क्वारंटाइनमध्ये, म्हणजे संशयित फाइल्स बंद करून ठेवायच्या कोठडीत, टाकलं. खाली उजव्या कोपऱ्यात पट्टी आली आणि गेली, कोणी वाचलीच नाही. तिथल्या ताईंनी घाबरून मला फोन केला, मी वाशीला दुसऱ्या कामात, ट्रान्सहार्बरने यायला वेळ लागणारच होता, तेवढ्यात कोणीतरी डोकं लावलं आणि अख्खा डाउनलोड्स फोल्डर एक्सेप्शनमध्ये, म्हणजे तपासायचं नाही अशा यादीत, टाकून दिला. काम झालं, रिटर्न गेले, सगळे विसरले. दोन महिन्यांनी त्याच मशीनवर ब्राउझरचं होमपेज बदललेलं, काही शोधायला गेलं की भलत्याच सर्चवर नेतंय, आणि अँटीव्हायरस हिरवी टिक दाखवत शांत बसलेला. कोणीतरी पीडीएफ जोडायचं फुकटचं सॉफ्टवेअर उतरवलं होतं, इन्स्टॉलर डाउनलोड्समधूनच चालला म्हणून दारात कोणी अडवलं नाही आणि सोबतचं एक्स्टेंशन, म्हणजे ब्राउझरला जोडलं जाणारं छोटं प्रोग्राम, ब्राउझरमध्ये जाऊन बसलं. इथे अँटीव्हायरसला दोष कसा देणार, तिकडे बघू नको असं त्याला आपणच सांगून ठेवलं होतं.

तर असल्या सोबत येणाऱ्या प्रकाराला कोणी पीयूपी म्हणतं, कोणी पीयूए, अर्थ एकच, बहुधा नको असलेलं सॉफ्टवेअर. टूलबार, जाहिराती दाखवणारे, "तुमच्या पीसीत 846 चुका आहेत" असं घाबरवून पैसे मागणारे क्लीनर, आपल्या मशीनवर गुपचूप क्रिप्टो मायनिंग करणारे, सगळे यात आले. गोची अशी की "नेक्स्ट, नेक्स्ट, आय अ‍ॅग्री" तुम्हीच केलेलं असतं, त्यामुळे कायद्याने त्याला व्हायरस म्हणणं कठीण. जावाच्या इन्स्टॉलरबरोबर येणारा आस्क टूलबार आठवत असेल, त्याची जुनी व्हर्जन्स मायक्रोसॉफ्टने 2015 मध्ये नकोशी ठरवली. 2020 मध्ये सीक्लीनर या कॉम्प्युटर साफ करायच्या प्रोग्रामच्या फुकट इन्स्टॉलरवरही विंडोजच्या स्वतःच्या अँटीव्हायरसने, डिफेंडरने, पीयूए असा शिक्का मारला होता, कारण त्यात दुसरे प्रोग्राम जोडून दिले जात होते. आणि कंपन्या गप्प बसत नाहीत. मालवेअरबाइट्स या अँटीव्हायरस कंपनीने 2016 मध्ये एनिग्मा सॉफ्टवेअर कंपनीच्या स्पायहंटर या स्पायवेअर काढायच्या प्रोग्रामला पीयूपी ठरवलं तर एनिग्मावाले थेट कोर्टात गेले, आणि 2019 मध्ये अमेरिकेतल्या नवव्या सर्किटच्या अपील कोर्टाने ती केस पुढे चालवायला वाव दिला. मला वाटतं म्हणूनच बरेच अँटीव्हायरस इथे सावध असतात आणि निर्णय तुमच्यावर सोडतात. अडचण इतकीच की तो निर्णय कुठल्या सेटिंगमध्ये लपलाय हे आपल्याला माहीत नसतं.

विंडोजसोबत फुकट येणाऱ्या डिफेंडरपासून सुरू करू. पीयूए अडवायचा स्विच साध्या युजरला दिसेल असा 2020 च्या मे अपडेटमध्ये आला आणि ऑगस्ट 2021 पासून मायक्रोसॉफ्टने तो आपणहून चालू ठेवायला सुरुवात केली. तरी तुमच्या मशीनवर उघडून बघाच, विंडोज सिक्युरिटीत अ‍ॅप अँड ब्राउझर कंट्रोल, त्यात रेप्युटेशन बेस्ड प्रोटेक्शनच्या सेटिंग्ज. तिथे दोन टिक आहेत, ब्लॉक अ‍ॅप्स आणि ब्लॉक डाउनलोड्स, आणि यातली दुसरी फक्त एज ब्राउझरसाठी आहे. म्हणजे क्रोम वापरत असाल तर पहिली टिक चालू असलीच पाहिजे, दुसरीच्या भरवशावर राहू नका. पाच-दहा मशीन असतील आणि एकदम अडवायला सुरुवात केली तर काम थांबेल अशी भीती असेल तर पॉवरशेलमधून, म्हणजे विंडोजच्या कमांड लिहायच्या खिडकीतून, ऑडिट मोड लावता येतो, त्यात डिफेंडर अडवत नाही, नुसती इव्हेंट लॉगमध्ये नोंद करतो, एक आठवडा ती नोंद वाचायची आणि मग चालू करायचं. मी दोन ऑफिसांत असंच केलं.

विकत मिळणाऱ्यांपैकी ईसेट मला या बाबतीत सगळ्यात सरळ वाटतो. तो टाकतानाच विचारतो की नकोसे प्रोग्राम पकडू की नको, आणि तुम्ही हो किंवा नाही म्हटल्याशिवाय पुढे जात नाही. वर त्याच्याकडे आणखी एक वेगळा खण आहे, पोटेन्शियली अनसेफ, म्हणजे जी टूल्स कायदेशीर आहेत पण वाईट हातात गेली तर नुकसान करतात, जसं रिमोटने दुसऱ्याचा कॉम्प्युटर चालवायची, पासवर्ड काढायची, टाइप केलेलं सगळं नोंदवणारी (कीलॉगर). हा खण आपणहून बंद असतो. माझ्यासारखीने बंदच ठेवावा, निरसॉफ्टची दुरुस्तीची छोटी फुकट टूल्स मला रोज लागतात आणि तीच सारखी पकडली जातात. पण माझे बाबा नेरुळला एकटे असतात, वय 74, "तुमचं लाइट बिल थकलंय, हे अ‍ॅप टाका" असे फोन त्यांना येतात, तर त्यांच्या कॉम्प्युटरवर मी तो मुद्दाम चालू केलाय.

मालवेअरबाइट्समध्ये पीयूपीसाठी तीन पर्याय मिळतात, नेहमी पकड, फक्त सावध कर, किंवा दुर्लक्ष कर. या प्रकारच्या कचऱ्याबद्दल तो बराच कडक आहे आणि ब्राउझरमधली घाण काढायला मला तोच आवडतो. पण फुकटवाला फक्त तुम्ही स्कॅन मारलं तरच बघतो, चोवीस तास पहारा देत नाही, म्हणून डिफेंडरच्या जोडीला महिन्यातून एकदा चालवायला छान, एकट्याने पुरत नाही.

आता वगळण्याचं, म्हणजे एक्सक्लूजन, कोणी एक्सेप्शन म्हणतं, कोणी अलाउ लिस्ट. खरी मेख इथेच आहे.

डिफेंडरमध्ये फाइल, फोल्डर, फाइलचा प्रकार आणि प्रोसेस असं चार प्रकारे वगळता येतं. फोल्डर वगळला की त्यातले सगळे पोटफोल्डर पण गेले. प्रकार वगळला, समजा कोणी ईएक्सई वगळलं, तर अख्ख्या मशीनवरची ईएक्सई गेली, कुठेही असो. प्रोसेसचं लोकांना उलट वाटतं, तो प्रोग्राम वगळला जात नाही, तो प्रोग्राम ज्या फाइल्स उघडतो त्या वगळल्या जातात, आणि तेही फक्त रिअल टाइममध्ये, म्हणजे फाइल उघडताना तिथल्या तिथे होणाऱ्या तपासणीत. याशिवाय काही पकडल्यावर जे "अलाउ ऑन डिव्हाइस" येतं ते अजून वेगळं. त्यात परवानगी त्या एका फाइलला मिळत नाही, त्या धोक्याच्या नावाला मिळते, म्हणजे उद्या त्याच नावाखाली दुसरं काही आलं तर तेही सुटणार. सोय भरपूर आहे पण जाळं फार मोठ्या भोकांचं आहे.

ईसेटने हेच दोन भागांत तोडलंय. परफॉर्मन्स एक्सक्लूजन म्हणजे इथे स्कॅनच करू नको, वेग वाचव. डिटेक्शन एक्सक्लूजन म्हणजे स्कॅन कर, पण अमुक नावाने किंवा नेमकी हीच हॅश (फाइलच्या मजकुरावरून काढलेला तिचा ठसा) असलेली फाइल सापडली तर तेवढीच सोड. त्या जेसनवाल्या युटिलिटीसाठी मला हेच हवं होतं! हॅशवर सोडलं की फक्त तीच फाइल सुटते, शेजारी काही येऊन बसलं तरी पकडलं जातं. तोटा इतकाच की युटिलिटीचं नवीन व्हर्जन आलं की हॅश बदलते आणि परत सांगावं लागतं, पण तो त्रास मी आनंदाने घेईन.

आपल्या पुण्याचं क्विक हीलही यात मागे नाही. त्यात फाइल किंवा फोल्डर वगळताना कशातून वगळायचं ते विचारतात, ओळखीच्या व्हायरसच्या तपासणीतून की अनोळखी धोके शोधणाऱ्या डीएनएस्कॅनमधून की प्रोग्रामची वागणूक बघणाऱ्या बिहेवियर डिटेक्शनमधून, प्रत्येकाला वेगळी टिक. मालवेअरबाइट्सच्या अलाउ लिस्टमध्येही रॅन्समवेअरसाठीच (फाइल्स कुलूपबंद करून खंडणी मागणारे) सोडायचं का मालवेअर (व्हायरससारखे घातक प्रोग्राम) आणि पीयूपीसाठीच, असं निवडता येतं. हिशेबाच्या टॅली सॉफ्टवेअरचा डेटा फोल्डर हळू उघडतो म्हणून लोक सरसकट वगळतात ना, तिथे या टिका बघून वगळा, रॅन्समवेअरचा पहारा मात्र ठेवा, कारण रॅन्समवेअरला नेमका तोच डेटा हवा असतो.

डीटीपीवाल्यांकडे एकदा मी एक्सक्लूजनची यादी उघडली तर त्यात दोनच ओळी होत्या, एक सी ड्राइव्ह आणि एक ई ड्राइव्ह. कोणीतरी फॉन्टचं क्रॅक टाकून गेला होता, जाताना अख्खा सी ड्राइव्हच वगळून गेला. आणि ई म्हणजे त्यांचा पेनड्राइव्ह, पण कॉम्प्युटरला पेनड्राइव्ह ओळखू येत नाही, अक्षर ओळखू येतं, त्यामुळे पत्रिकेचा मजकूर घेऊन येणाऱ्या प्रत्येक गिऱ्हाइकाचा पेनड्राइव्ह ई झाला की बिनतपासणी आत. लग्नाचा सीझन, दिवसाला वीस-वीस पेनड्राइव्ह. मला खरंच घाम फुटला होता. काही मालवेअर तर आत आल्यावर स्वतःच डिफेंडरच्या यादीत आपला फोल्डर टाकून घेतात, म्हणून ही यादी अधूनमधून उघडून वाचा, तुम्ही न टाकलेली ओळ दिसली तर तिथेच थांबा.

तर घरी एकच लॅपटॉप, क्रॅक वगैरे वापरत नाही, तर पैसे घालू नका, डिफेंडरमध्ये ब्लॉक अ‍ॅप्स चालू करा आणि महिन्याला एकदा फुकट मालवेअरबाइट्स मारा. ऑफिस असेल, स्वतःची छोटी युटिलिटी सारखी अडकत असेल, तर ईसेट, हॅशवर सोडायच्या सोयीसाठीच मी पैसे देईन. मराठीत बोलणारा माणूस समोर हवा, दुकानातून घ्यायचं आहे, तर क्विक हील घ्या, फक्त वगळताना सगळ्या टिका डोळे झाकून मारू नका. घरात वयस्कर माणूस एकटं असेल तर परत ईसेट, अनसेफवाला खण चालू करून.

आणि विकत घ्यायच्या आधी ट्रायल टाकून एक गोष्ट कराच. एएमटीएसओ ही अँटीव्हायरस चाचणीच्या पद्धती ठरवणारी संस्था आहे, तिच्या साइटवर पीयूएची एक निरुपद्रवी चाचणी फाइल मिळते, ती उतरवून बघा. चुपचाप उतरली तर तुमचं सेटिंग बंद आहे. अडवली तर जी पट्टी कोपऱ्यात येते तिचा स्क्रीनशॉट काढा आणि ऑफिसातल्या सगळ्यांना दाखवा, म्हणजे वीस तारखेला सकाळी तशी पट्टी आली की कोणीतरी ती वाचेल आणि फोल्डर वगळायच्या आधी फाइलचं नाव लिहून घेईल.